आगीवरील स्वयंचलित तुषारयंत्र

किन्हीराजाच्या शिवारांत हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस आले म्हणजे तुषारसिंचनाच्या तोट्या फिरतांना दिसूं लागतात. मोटार चालू करावी, नळांत पाणी चढावें आणि तोटीनें तें थेंबाथेंबांनीं चहूंकडे उडवावें, ही क्रिया आमच्या भागांतील लहान मुलासही परिचयाची आहे. परंतु तशाच तोट्या मोठ्या इमारतींच्या छतालाही लावलेल्या असतात, व तेथें त्यांचें काम पिकाला पाणी देण्याचें नसून आग विझविण्याचें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. शेतांतील तोटी सुरू करावयास माणूस लागतो; छताची तोटी माणसाची वाट पाहत नाहीं. खोलींत कोणी नसो, मध्यरात्र असो, पहारेकऱ्यास डुलकी लागलेली असो, आगीची आंच पोहोंचतांच ती आपली आपण उघडते. ती उघडते कशी, आणि तिच्यावर भरंवसा किती ठेवावा, या दोन प्रश्नांचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आगीचा स्वभाव पाहूं. कोणतीही आग जन्मतः लहान असते. विडीचें थोटूक, विजेच्या तारेंतील ठिणगी, चुलींतून उडालेला निखारा, यांपैकीं कशानेंही ती सुरू होते, व पहिल्या एकदोन मिनिटांत ती बादलीभर पाण्यानें विझूं शकते. परंतु तापलेला धूर व वायु हलके होऊन वर चढतात, छताला अडून सर्वत्र पसरतात, आणि तेथून खालच्या वस्तूंवर उष्णतेचा मारा करूं लागतात. असें होतां होतां एक क्षण असा येतो कीं, खोलींतील लाकूड, कापड, कागद सारें एकदम पेट घेतें. ह्या स्थितीला येण्यास बंद खोलींत कित्येकदां पांचदहा मिनिटेंही पुरतात. आतां समजा, एखादें गांव बंबापासून २० किलोमीटरांवर आहे व बंब ताशीं ४० किलोमीटर वेगानें धांवतो. निरोप पोहोंचण्याचा वेळ सोडून दिला तरी त्यास अर्धा तास लागणार! गोठ्यांतील कुटार किंवा खळ्यावरील सोयाबीनची गंजी पेटल्यावर बंब येऊन पोहोंचतो तेव्हां काय उरलेलें असतें, हें आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. यांत बंबावरील शिपायांचा दोष नसतो. दोष अंतराचा व वेळेचा असतो. म्हणून आगीच्या जागीं पाणी आधींच हजर असावें व तें पहिल्या मिनिटांतच सुटावें, हा खरा उपाय होय.

हा उपाय एका दिवसांत सुचलेला नाहीं. लंडन येथील ड्रूरी लेन हें प्रसिद्ध नाटकगृह सन १८०९ मध्यें जळून खाक झालें. तें पुन्हां बांधलें गेलें तेव्हां, सन १८१२ मध्यें, विल्यम काँग्रीव्ह यांच्या योजनेनें त्यांत भोंकें पाडलेले नळ फिरवून ते पाण्याच्या मोठ्या टाकीस जोडण्यांत आले. पुढें अमेरिकेंतील कापडाच्या गिरण्यांनीं हीच युक्ति उचलली. कारण पिंजलेल्या कापसाचे तंतु जेथें हवेंत तरंगतात, तेथें एक ठिणगी सबंध मजला पेटविण्यास पुरेशी होते. परंतु या नळांत मोठे दोष होते. त्यांची चावी माणसानेंच धांवत जाऊन उघडावी लागे. आणि ती उघडली म्हणजे आग एका कोपऱ्यांत असली तरी सारा मजला भिजून जाई. शिवाय गंज व धूळ यांनीं भोंकें बुजून जात, तें वेगळेंच.

हे दोष दूर करण्याचा मार्ग हेन्री पार्मेली या अमेरिकन गृहस्थांनीं दाखविला. न्यू हेवन या शहरीं त्यांचा पियानो तयार करण्याचा कारखाना होता. सन १८७४ मध्यें त्यांनीं असें केलें कीं, प्रत्येक तोटीच्या तोंडावर पितळेची टोपी बसवून ती थोड्या उष्णतेनें वितळणाऱ्या मिश्रधातूनें सांधली. आग पेटली कीं सांधा वितळे, टोपी निसटे व पाणी सुटे. आणि जेथें आग असेल तेथीलच तोटी उघडे. तरी एक उणीव राहिली. टोपीच्या आंतल्या अंगास थंड पाणी टेकलेलें असल्यानें सांधा तापण्यास उशीर लागे. सन १८८२ च्या सुमारास फ्रेडरिक ग्रिनेल यांनीं झडपेची रचना बदलून तो सांधा पाण्यापासून दूर केला, व तोटी आगीस चटकन् ओ देऊं लागली. पाणी जवळ असणेंच एका परीनें अडचणीचें ठरत होतें, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखी आहे.

हें साधन आपल्या विदर्भांत येण्यासही फार काळ लागला नाहीं. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनीं नागपूर येथें स्थापिलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. जेथें कापूस पिकतो त्या प्रदेशांतच गिरणी असावी, असा त्यांचा विचार होता. सूतखात्यांतील हवा दमट राखणारीं यंत्रें आणि आगीवरील तुषारयंत्रें हीं हिंदुस्थानांत प्रथम याच गिरणींत बसविलीं गेलीं, असें टाटांच्या उद्योगाच्या इतिहासांत नमूद आहे. ती गिरणी आज चालू नाहीं. तथापि ज्या काळीं आपल्याकडे घरोघरीं नळही नव्हते, त्या काळीं नागपुरांतील गिरणीच्या छतावर आगीची वाट पाहत पाणी उभें होतें, ही गोष्ट वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासांतच जमा धरली पाहिजे.

आतां आजचें तुषारयंत्र कसें असतें तें पाहूं. कारागिरांच्या बोलण्यांत त्यास ‘स्प्रिंकलर’ म्हणतात. छताखालून लोखंडी नळांचें जाळें फिरविलेलें असतें व त्यांत दाबाखालीं पाणी सदैव भरलेलें असतें. ठराविक अंतरावर या नळांना पितळी तोट्या बसविलेल्या असतात. तोटीचें तोंड एका लहान चकतीनें बंद केलेलें असतें, आणि ती चकती जागच्या जागीं दाबून धरण्यास करंगळीहूनही बारीक अशी काचेची एक कुपी मध्यें उभी केलेली असते. या कुपींत रंगीत द्रव भरलेला असून त्यांत हवेचा एक बुडबुडा राखलेला असतो. छताजवळची हवा तापली म्हणजे द्रव प्रसरण पावतो. काच त्या मानानें फारच थोडी प्रसरण पावते. बुडबुडा दबत दबत नाहींसा होतो. द्रवास पसरण्यास जागा उरत नाहीं. दाब वाढतो आणि कुपी तडकन् फुटते. टेंकू गेला, चकती उडाली, पाणी सुटलें! सुटलेली धार समोरच्या दांतेरी पत्र्यावर आपटते व छत्रीच्या आकारानें खालीं पसरते. कांहीं तोट्यांत कुपीच्या जागीं, पार्मेलींच्या युक्तीस अनुसरून, लवकर वितळणाऱ्या धातूनें सांधलेली पट्टी असते, तत्त्व एकच.

कुपी किती अंशांस फुटावी हें द्रवाच्या रंगावरून ओळखतां येतें. नारिंगी रंगाची ५७ अंश सेल्शियसला, तांबडी ६८ अंशांस, पिवळी ७९ अंशांस, हिरवी ९३ अंशांस, निळी १४१ अंशांस व जांभळी १८२ अंशांस फुटते. दुकानांत, रुग्णालयांत व कचेऱ्यांत बहुधा तांबडी कुपी दिसते. नियम असा आहे कीं, त्या जागेंतील हवा जास्तींत जास्त जितकी तापत असेल, तिच्याहून निदान ३० अंश अधिक उष्णतेला फुटणारी कुपी निवडावी. या नियमाचें महत्त्व आमच्या जिल्ह्यांत विशेष आहे. वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो आणि टिनाच्या छपराखालची हवा त्याहूनही पुष्कळ तापते. समजा, गोदामाच्या छताशीं हवा ५५ अंशांपर्यंत गेली. ५५ आणि ३० मिळून ८५ झाले. म्हणजे तेथें ६८ अंशांची तांबडी व ७९ अंशांची पिवळी कुपी उपयोगाची नाहीं. ९३ अंशांची हिरवीच पाहिजे. इंग्लंडांतील गिरणीला जें योग्य, तेंच डोळे मिटून वऱ्हाडांतील गोदामाला लावूं नये.

तोटी उघडल्यावर पुढें काय होतें? मुख्य नळावर एक झडप असते. पाणी वाहूं लागतांच ती उचलली जाते, व त्या पाण्याचा एक लहानसा फांटा भिंतीबाहेरील घंटेकडे जातो. तेथें पाण्याच्याच जोरानें एक चक्र फिरतें व त्याचा टोला घंटेवर पडतो. या घंटेला वीज लागत नाहीं. इकडे नळांतील दाब उतरला कीं पंप आपोआप चालू होतो. वीज नसल्यास डिझेलवर चालणारा दुसरा पंप त्याची जागा घेतो. अशा रीतीनें एकच कुपी फुटल्यानें पाणी पडणें, माणसांना जागें करणें व पंपास कामाला लावणें, हीं तिन्ही कामें साधतात.

आतां थोडें गणित. तोटींतून दर मिनिटास किती पाणी येईल हें दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतें. नेहमींच्या तोटीला १ बार दाबानें मिनिटास ८० लिटर पाणी येतें. साधारण धोक्याच्या जागीं एका तोटीकडे जास्तींत जास्त १२ चौरस मीटर जागा सोंपवितात व दर चौरस मीटरवर मिनिटास ५ लिटर पाणी पडावें असें धरतात. म्हणजे एका तोटीनें मिनिटास ६० लिटर दिले पाहिजेत. यास दाब किती हवा? ६० भागिले ८० म्हणजे पाऊण. पाऊणचा वर्ग सुमारें ०·५६. म्हणून ०·५६ बार. पाण्याचा सुमारें १० मीटर उंचीचा स्तंभ १ बार दाब देतो, त्या हिशेबानें तोटीच्या वर पावणेसहा मीटरांवर टाकी असली तरी हा दाब मिळेल; नळांत घर्षणानें जो दाब खर्च होतो, त्यापुरती उंची मात्र वाढविली पाहिजे. लँकेशायरच्या व मुंबईच्या जुन्या गिरण्यांच्या जिन्यांचे मनोरे उंच कां, आणि त्यांच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या कां, हें कोडें वाचकांस येथें सुटेल. तो केवळ शोभेचा थाट नव्हे.

मिनिटास ६० लिटर म्हणजे सेकंदास १ लिटर. हें ऐकावयास थोडें वाटतें. पण ३० अंशांचें १ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापून त्याची सर्व वाफ होण्यास सुमारें २५५० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एक तोटी, तिचें सर्व पाणी वाफ होईल तर, दर सेकंदास एक किलोवॉटच्या अडीच हजार शेगड्यांइतकी उष्णता गिळूं शकते. प्रत्यक्षांत सगळ्याच पाण्याची वाफ होत नाहीं. परंतु जें उरतें तें भोंवतालच्या वस्तु भिजवितें, व भिजलेली वस्तु सहजासहजीं पेटत नाहीं. आग पूर्ण विझली नाहीं तरी जागच्या जागीं कोंडली जाते, आणि बंब येईपर्यंत तिला वाढूं न देणें हेंच मोठें काम आहे.

या यंत्राविषयीं लोकांत कांहीं गैरसमज आहेत. चित्रपटांत असें दाखवितात कीं, कोणी आगकाडी ओढली किंवा धूर झाला कीं सर्व तोट्या एकदम कोसळूं लागतात. नेहमींच्या यंत्रांत असें होत नाहीं. या तोट्या धुरानें उघडत नाहींत. त्यांस उष्णताच लागते, आणि जिच्यापाशीं ती पोहोंचेल तीच उघडते. बहुतेक आगी एकदोन किंवा फार तर मूठभर तोट्यांनीं आवरल्या जातात. सर्व तोट्या एकदम उघडणारी रचनाही आहे, पण ती विजेच्या मोठ्या रोहित्रांसारख्या विशेष जागीं वापरतात. दुसरा गैरसमज असा कीं, पाण्यानें माल खराब होतो. चार तोट्या अर्धा तास चालल्या तर मिनिटास २४० लिटर याप्रमाणें ७२०० लिटर पाणी पडेल. माल भिजेल हें खरें. पण भिजलेला माल वाळवितां येतो, राख वाळवून उपयोग नाहीं!

कापसाच्या बाबतींत मात्र विशेष सावधगिरी पाहिजे, व वाशीम, कारंजा या पेठांतील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांमुळें हा विषय आमच्या अगदीं जवळचा आहे. कपाशींत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रांत घांसला जाऊन ठिणगी पडते, आणि ती गठाणींत दडून बसली तर तासन् तास आंतल्या आंत धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर जो अनर्थ झाला, त्याचें मूळ अशाच धुमसत्या कापसांत होतें. त्या जहाजांत कापसाच्या सुमारें ८७०० गठाणी व सुमारें १४०० टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारीं आग ध्यानांत आली. वरून पाण्याचा मारा झाला, पण गठाणींच्या राशींतील मूळ जागा हातीं लागली नाहीं. आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदामाच्या मालकांनीं यावरून घ्यावयाचा धडा असा: गठाणींचा थर आणि तोटी यांत निदान अर्धा मीटर मोकळी जागा असावी, व रास उंच असेल तर त्याहून अधिक; पाणी पिऊन गठाणी फुगतात व भिंतीस रेटा देतात, म्हणून भिंतीपासून त्या दूर रचाव्या; आणि वरची ज्वाळा विझली तरी संशयित गठाण बाहेर उघड्यावर नेऊन फोडून पाहावी.

एवढें वर्णन केल्यावर या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. छताखालीं पडदा, फळी किंवा मालाची रास आडवी आली तर पाणी आगीपर्यंत पोहोंचत नाहीं. उकळत्या तेलाच्या कढईवर पाणी घातक ठरतें. आणि उष्णता छतापर्यंत चढून कुपी फुटेपर्यंत जो वेळ जातो, त्यांत धूर माणसास गुदमरवूं शकतो. म्हणून धूर ओळखणारी घंटा, मोकळे दरवाजे व मोकळा जिना यांची जागा तुषारयंत्र घेऊं शकत नाहीं.

परंतु या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रु आग नव्हे, आळस होय. दुरुस्तीसाठीं मुख्य चावी बंद करावी व काम संपल्यावर ती उघडावयाची विसरावी. टाकी कोरडी पडूं द्यावी. डिझेलच्या पंपाची बॅटरी मेलेली असावी. रंगाऱ्यानें भिंतीबरोबर तोटीवरही रंगाचा हात फिरवावा: इतक्या क्षुल्लक कारणानें हजारों रुपयांचें यंत्र केवळ शोभेचें होतें. म्हणूनच मुख्य चावी उघड्या स्थितींत सांखळीनें बांधून कुलूपबंद ठेवण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रांत सन २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. ज्या इमारतींस तो लागू होतो, तेथील साधनें चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी त्यानें मालकावर व वापरणाऱ्यावर टाकली आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, तसें प्रमाणपत्र सादर करावयास सांगितलें आहे. यंत्र स्वयंचलित आहे. त्याची निगा स्वयंचलित नाहीं.

या निगेचें मोल केवळ मालाच्या किंमतींत मोजूं नये. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात बालकांच्या दक्षता कक्षास आग लागली. त्या वेळीं तेथें १७ बालकें होतीं. ७ वांचविलीं गेलीं, १० दगावलीं. धडधाकट माणूस धुराचा वास येतांच उठून बाहेर धांवतो. कांचेच्या पेटींतील तान्हें मूल, खाटेस खिळलेला रुग्ण, पाय थकलेली आजी, यांना धांवतां येत नाहीं. आग लागल्यापासून कोणी जागें होऊन येईपर्यंतचीं जीं चारदोन मिनिटें, तींच त्यांच्या जन्ममरणाचीं मिनिटें होत. त्या मिनिटांत माणसाच्या आधीं सावध होणारें कोणी तरी तेथें असावें, यासाठींच धुराची घंटा आणि छतावरील ती बारीक कुपी यांची योजना आहे.

आमच्या गांवांतील बहुतेक घरें व शाळा एकमजली आहेत, व तेथें हें यंत्र बसविण्याचा प्रश्न सहसा येत नाहीं. तेथें वाळूच्या बादल्या, भरलेली पाण्याची टाकी, विजेच्या तारांची वेळेवर दुरुस्ती व बाहेर उघडणारे दरवाजे हींच आपलीं साधनें होत. परंतु आमचे विद्यार्थी उद्यां शहरांत शिकावयास जातील, कोणी रुग्णालयांत, कोणी गिरणींत, कोणी कचेरींत काम करतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, नव्या इमारतींत पाऊल टाकल्यावर एकदां वर छताकडे पाहावें. तोटी दिसली तर तिच्या कुपीचा रंग पाहावा, तिच्याखालीं सामान रचलेलें नाहीं ना हें पाहावें, आणि अधिकाराच्या जागीं असाल तर मुख्य चावी उघडी आहे कीं नाहीं, हें स्वतःच्या हातानें फिरवून पाहावें. आग रोज लागत नाहीं, म्हणून हें काम रोज टाळतां येतें. आणि ज्या दिवशीं ती लागते, त्या दिवशीं तें करण्यास वेळ उरलेला नसतो.